एमएससी फूड सायन्स अँड न्यूट्रिशन : काय शिकवतात, कुठे शिकवतात, पुढे काय? रत्नागिरीकरांसाठी सविस्तर माहिती

रत्नागिरी : पदवीचा निकाल लागला की घराघरात एकच विषय असतो. पुढे काय? बीएड करायचं, बँकेच्या परीक्षा द्यायच्या, मुंबईला काकांकडे राहून नोकरी बघायची, की एमएससी? या यादीत अलीकडे आणखी एक नाव ऐकू येतं. एमएससी फूड सायन्स अँड न्यूट्रिशन, म्हणजे अन्नशास्त्र आणि पोषणशास्त्र. हे नाव घेतलं की घरातली जुनी माणसं पहिला प्रश्न विचारतात, "खाण्याचं काय शिकायचं? ते आई शिकवते की." दुसरा प्रश्न, "नोकरी लागते का?"

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. दोन वर्षं आणि बऱ्यापैकी पैसे घालायचे तर माहिती घेऊनच घातले पाहिजेत. या विषयात एकसारखी वाटणारी चार-पाच नावं आहेत. चुकीच्या नावाची पदवी घेतली, तर हव्या त्या नोकरीचा अर्जसुद्धा भरता येत नाही, असं होऊ शकतं. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. लेख मोठा आहे, पण घरात कोणी बारावीला किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल तर जपून ठेवावा असा आहे.

हे शिक्षण म्हणजे नेमकं काय?

नावातच दोन शास्त्रं आहेत. फूड सायन्स बघतं ते पदार्थाकडे. पदार्थ कशाचा बनलाय, तो का बिघडतो, कसा टिकवायचा, त्यात भेसळ आहे का, डब्यात की पिशवीत भरायचा. न्यूट्रिशन बघतं ते माणसाकडे. तोच पदार्थ पोटात गेल्यावर काय होतं, कोणाला किती लागतो, कमी पडला तर काय आजार होतो, जास्त झाला तर काय.

आपली नाचणीच घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात ५२८ पदार्थ आहेत. त्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. हे झालं पोषणशास्त्र. पण नाचणीत फायटेट नावाचा घटक असतो, तो कॅल्शियम आणि लोह धरून ठेवतो, शरीराला सगळं मिळू देत नाही. नाचणीला मोड आणले की तो घटक कमी होतो. हे झालं अन्नशास्त्र. बाळाला मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व देणाऱ्या आपल्या आज्या बरोबरच करत होत्या. ते बरोबर का, किती तास भिजवायचं, किती दिवस टिकेल आणि पाकिटावर काय छापायचं, हे शिकायला कॉलेज लागतं.

आता सारख्या वाटणाऱ्या नावांतला फरक समजून घ्या.

फूड सायन्स अँड न्यूट्रिशन : पदार्थ आणि पोषण दोन्ही थोडं थोडं. शाळा-कॉलेज, आरोग्य कार्यक्रम, कंपन्यांचे प्रयोगशाळा आणि नवीन पदार्थ तयार करणारे विभाग अशा वाटा.

फूड टेक्नॉलॉजी : कारखाना, यंत्रं, प्रक्रिया, पॅकिंग. यात गणित आणि भौतिकशास्त्राची भीती असून चालत नाही.

क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स : दवाखाना. मधुमेह, किडनी, हृदयविकाराच्या रुग्णाचा आहार ठरवणं.

पोस्ट हार्वेस्ट मॅनेजमेंट : काढणीनंतरचं शास्त्र. फळ झाडावरून उतरल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत. ही कृषी विद्यापीठांची वाट आहे.

रत्नागिरीचं या विषयाशी जुनं नातं

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याच जिल्ह्यातले. जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, गाव दापोली तालुक्यातलं मुरुड. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांनी १९१६ साली पुण्यात भारतीय महिला विद्यापीठ सुरू केलं. त्या काळी त्यांनी मातृभाषेतून शिक्षण आणि त्यात आरोग्य, गृहव्यवस्था असे विषय ठेवले. तेव्हा काही जणांना ते कमी दर्जाचं वाटलं होतं. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. तेच आजचं एसएनडीटी. याच विद्यापीठाच्या मुंबईतल्या जुहू आवारात आज फूड सायन्स अँड न्यूट्रिशन हा पदव्युत्तर विभाग आहे. म्हणजे दापोली-खेडच्या मुलीने तिथे प्रवेश घेतला, तर ती आपल्याच गावच्या माणसाने लावलेल्या झाडाखाली बसते, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरं नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तेव्हा संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून त्यांना घेतलं. पहिलं वर्ष परीक्षा म्हणून, काम पटलं तरच प्रवेश पक्का. त्यांनी तिथे अभ्यास कशाचा केला? दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांचा. म्हणजे अन्नशास्त्राचाच. १९३६ साली एमएससी झाल्या आणि त्यांचं काम बघून पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केलं. नीरेतल्या पोषक घटकांवरच्या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नीरा म्हणजे काय, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

दोन वर्षांत काय शिकवतात?

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा. नवीन शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर शिक्षणाची रचना बदलली. पहिलं वर्ष पूर्ण करून थांबायचं असेल तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. ज्यांनी चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली आहे, त्यांना एमएससी एका वर्षात करता येते. प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन प्रकल्प आता अभ्यासक्रमाचाच भाग आहेत.

विषयांची नावं विद्यापीठागणिक बदलतात, पण गाभा सारखा असतो.

१. अन्नरसायनशास्त्र : पिष्ट, प्रथिनं, स्निग्धांश, जीवनसत्त्वं, रंग. कोकमाचा लाल रंग कशाचा, तो उन्हात का उडतो, आंबापोळी काळी का पडते, याचं उत्तर इथे मिळतं.

२. अन्न सूक्ष्मजीवशास्त्र : बुरशी, जिवाणू, यीस्ट. एक उदाहरण देतो. हापूसचा रस आंबट असतो, त्याचा सामू ४ च्या आसपास असतो. सामू ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिनम हा जीवघेणा जिवाणू वाढत नाही, त्यामुळे आंब्याच्या रसाचे डबे उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर निर्जंतुक होतात. मासळीचं तसं नाही. ती आंबट नसते, म्हणून मासळीचे डबे वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवावे लागतात. घरच्या टोपात उकळून मासळीची बाटलीबंद कढी विकायला काढली, तर जिवाशी खेळ होऊ शकतो. सामूचे आकडे ज्याला कळतात, तो ही चूक करणार नाही.

३. अन्नप्रक्रिया आणि टिकवण : वाळवण, डबाबंदी, गोठवण, साखर-मिठाचं प्रमाण. जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावे लागतात. ते रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणाने थेंबभर जॅमवरून मोजतात.

४. मानवी पोषण : गरोदर बाई, स्तनदा आई, तान्हं बाळ, वाढत्या वयाची मुलगी, म्हातारं माणूस, कष्टकरी, खेळाडू, प्रत्येकाची गरज वेगळी.

५. रोगांतला आहार : मधुमेह, रक्तदाब, किडनी, रक्तक्षय.

६. सार्वजनिक पोषण : अंगणवाडी, शालेय पोषण आहार, कुपोषण मोजण्याच्या पद्धती, गावाचा आहार सर्व्हे.

७. अन्न कायदा आणि गुणवत्ता : २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा, एफएसएसएआयचे नियम, कारखान्यात धोका कुठे आहे ते आधीच ओळखण्याची पद्धत. बागायतदारांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. त्याने फळ पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायू चालतो, पण दहा लाख भागांत १०० भाग इतक्याच मर्यादेपर्यंत.

८. संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती : बऱ्याच मुलांना हाच विषय जड जातो. टाळता येत नाही.

शेवटी प्रबंध किंवा प्रकल्प असतो. इथे आपल्या मुलांना मोठी संधी आहे. शहरातल्या मुलाला विषय शोधावा लागतो, आपल्याला अंगणातच सापडतो. हापूसमधला साका, वाया जाणारं काजूचं बोंड, फणसाच्या आठळ्या, कोकमाच्या बियांचं तेल, सुकट-बोंबील वाळवण्याच्या पद्धती, कुळीथ. काजूच्या बोंडात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. तरी तुरटपणामुळे आणि एका दिवसात नासतं म्हणून ते बागेतच कुजतं. मी स्वतः बागायतीत आहे, दर हंगामात हा चिखल तुडवतो. या एका बोंडावर कोणीतरी नेटाने काम केलं, तर अख्ख्या तालुक्याचा फायदा आहे.

कुठे शिकता येईल?

आधी जिल्ह्यातलं बघू.

दापोली : डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, स्थापना १९७२. इथल्या कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालयात प्रक्रिया आणि अन्न अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण आहे. ही अभियांत्रिकीची वाट आहे, साध्या बीएससीवाल्यांसाठी नाही.

शिरगाव, रत्नागिरी : याच विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय, १९८१ सालचं. इथे मत्स्य प्रक्रिया विषयात पदव्युत्तर शिक्षण मिळतं. त्यासाठी मत्स्यशास्त्राची पदवी लागते.

किल्ला-रोहा, जिल्हा रायगड : कोकण कृषी विद्यापीठाचीच काढणीपश्चात तंत्रज्ञानाची पदव्युत्तर संस्था. आंबा, काजू, कोकम, फणस यांच्या प्रक्रियेवर काम करायचं असेल तर ही जागा आधी बघावी. रोहा कोकण रेल्वेच्या वाटेवरच आहे.

शुद्ध पोषणशास्त्रासाठी मात्र जिल्ह्याबाहेर जावं लागतं.

मुंबई : एसएनडीटी, जुहू आवार. फक्त मुलींसाठी. चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालयही या विषयात जुनं आहे. फूड इंजिनिअरिंगसाठी माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजे पूर्वीची यूडीसीटी, स्थापना १९३३.

कोल्हापूर : शिवाजी विद्यापीठात फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी विभाग आहे. लांजा, राजापूर, संगमेश्वरच्या मुलांना मुंबईपेक्षा हे जवळ.

परभणी : वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. इथलं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ सालचं, राज्यात नावाजलेलं. शेजारीच सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, म्हणजे पूर्वीचं गृहविज्ञान. तिथे अन्न व पोषण विषयात एमएससी आहे.

राज्याबाहेर : हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, जिची सुरुवात १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या अभ्यासातून झाली. तिथे उपयोजित पोषण आणि क्रीडा पोषण या विषयांत एमएससी आहे, स्वतंत्र प्रवेश परीक्षेतून. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सीएफटीआरआय, १९५० साली सुरू झाली. तिथली फूड टेक्नॉलॉजीची एमएससी देशभर मानली जाते. जागा कमी, स्पर्धा मोठी.

प्रवेश कसा मिळतो?

एकच एक परीक्षा नाही, इथेच मुलं गोंधळतात.

एसएनडीटी आणि इतर राज्य विद्यापीठांचे प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून होतात. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांसाठी पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेची प्रक्रिया आहे. देशभरातल्या कृषी विद्यापीठांच्या आयसीएआर जागांसाठी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा वेगळी. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच सुटतात. निकालाची वाट बघत बसलात तर ती संधी गेलेली असते. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज भरायचा.

पात्रता अशी. गृहविज्ञान, अन्न व पोषण, फूड टेक्नॉलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र या विषयांचे पदवीधर बहुतेक ठिकाणी चालतात. रसायनशास्त्र, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, कृषी यांचे पदवीधर काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी नाही. कला आणि वाणिज्य शाखेच्या पदवीवर एमएससीचा दरवाजा साधारण बंदच समजा. अजून बारावीला असाल तर आत्ताच ठरवा. बीटेक फूड टेक्नॉलॉजीसाठी बारावी सायन्स आणि एमएचटी-सीईटी लागते.

कागदपत्रं मे महिन्याआधी तयार ठेवा. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला. तहसील कार्यालयात जून-जुलैला किती गर्दी असते, ते तुम्हाला माहीत आहे.

घरबसल्या करता येईल का? आधी हे वाचा

शेती, लग्न, लहान मूल यामुळे बऱ्याच मुली विचारतात, "पोस्टाने किंवा ऑनलाइन होईल का?" अनेक वर्षं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची आहारशास्त्रातली एमएससी हाच अशा मुलींचा आधार होता. पण यूजीसीने २०२५ साली निर्णय घेतला की आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायचे नाहीत. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नवीन प्रवेश बंद. या यादीत फूड अँड न्यूट्रिशन सायन्स आणि क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स ही दोन्ही नावं आहेत. यामागे २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा आहे. त्यात पोषणतज्ज्ञांचा समावेश केलेला आहे.

म्हणून कोणी एजंट फोन करून "घरी बसून एमएससी न्यूट्रिशन, परीक्षासुद्धा सोपी" असं सांगत असेल, तर एक रुपयाही भरू नका. विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या वेबसाइटवर तपासा, अभ्यासक्रमाला मान्यता आहे का ते तपासा, मगच पुढे. मोबाइलवर तीन महिन्यांत मिळणारी "सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट" सर्टिफिकेटं म्हणजे पदवी नव्हे. आणि खरी एमएससी केली तरी नावापुढे "डॉ." लागत नाही, त्यासाठी पीएचडी करावी लागते. औषधं लिहून देण्याचा अधिकारही मिळत नाही.

खर्च आणि शिष्यवृत्ती

सरकारी आणि अनुदानित संस्थांत फी झेपण्यासारखी असते, खासगी विद्यापीठांत ती अनेक पट होते. पण आपल्या मुलांचा खरा खर्च फीचा नाही, राहण्या-खाण्याचा आहे. मुंबईत वसतिगृह मिळालं नाही तर गणित कोलमडतं. म्हणून प्रवेश अर्जासोबतच वसतिगृहाचा अर्ज करा.

राज्य सरकारच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर असतात. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, भटक्या विमुक्तांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. आर्थिक दुर्बल घटकांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. हिच्यासाठी अल्पभूधारक असल्याचा दाखला काढावा लागतो, आणि आपल्याकडची बहुतेक घरं त्यात बसतात. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आपला अभ्यासक्रम त्या यादीत आहे का, हे कॉलेजच्या कार्यालयात प्रवेशाआधी विचारा. यादीत नसेल तर माफी मिळणार नाही.

शैक्षणिक कर्ज घ्यायचं असेल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका तारण मागत नाहीत. त्यासाठी बागेचा सातबारा गहाण टाकायची वेळ येऊ नये.

नोकरी कुठे मिळते?

दवाखाना : आहारतज्ज्ञ म्हणून. मोठ्या दवाखान्यांत इंडियन डायटेटिक असोसिएशनची "रजिस्टर्ड डायटिशियन" ही नोंदणी मागतात. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, दवाखान्यातली इंटर्नशिप आणि वेगळी परीक्षा लागते. हे करायचं असेल तर डायटेटिक्सचा अभ्यासक्रमच निवडा.

सरकारी आरोग्य आणि बालविकास : राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी आहारतज्ज्ञांची पदं निघतात, पोषण पुनर्वसन केंद्रांत कामं असतात. एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, १९७५ पासून आहे. तिच्यात पर्यवेक्षिका आणि प्रकल्प अधिकारी ही पदं आहेत. या कामाची गरज किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त. मासळी, पालेभाजी, कुळीथ असलेल्या कोकणानेसुद्धा या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये.

अन्न सुरक्षा अधिकारी : हे पद एमपीएससीमार्फत भरतात. इथेच पदवीच्या नावाचा प्रश्न येतो. नियमांत फूड टेक्नॉलॉजी, डेअरी टेक्नॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशी नावं स्पष्ट दिली आहेत. ज्याला हे पद गाठायचं आहे, त्याने प्रवेश घेण्याआधी ताजी जाहिरात काढून आपल्या पदवीचं नाव तिच्यात शोधावं. मूळ पदवी सूक्ष्मजीवशास्त्राची किंवा कृषीची असेल तर काम सोपं होतं.

कंपन्या : गुणवत्ता तपासणी, नवीन पदार्थ विकास, लेबल तयार करणं. आपल्या जिल्ह्यात आंबा कॅनिंग, काजू प्रक्रिया आणि मासळी निर्यात हे तिन्ही उद्योग आहेत. पगार सुरुवातीला फार मोठा नसतो, हे आधीच सांगतो. दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर फरक पडतो.

शिकवणं : एमएससीनंतर नेट किंवा सेट परीक्षा पास झालात तर सहायक प्राध्यापक. संशोधनात जायचं तर पीएचडी.

स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी

सगळ्यांनी नोकरीच करायची असं नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन आहे. नाव आपलं आहे, पण बराच माल कच्चाच बाहेर जातो आणि बाटलीत भरून दुप्पट-तिप्पट भावाने परत येतो. बचत गटाच्या बायका आगळ, लोणचं, आंबापोळी छान करतात. अडतं कुठे? एक घाणा आंबट, दुसरा गोड. पावसात बुरशी. लेबलवर पोषणमूल्य नाही, म्हणून मॉल घेत नाही. परीक्षण अहवाल नाही, म्हणून निर्यातदार घेत नाही. हे सगळे प्रश्न शिकलेल्या एका माणसाने सुटणारे आहेत. चार-पाच गटांनी मिळून असा एक माणूस ठेवला तरी परवडेल.

भांडवलासाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० साली सुरू झाली. त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. "एक जिल्हा एक उत्पादन" यात रत्नागिरीसाठी आंबा आहे. सध्याची मुदत आणि निधी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. आणि घरगुती लोणचं-पापड विकायचं असलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, हे विसरू नका.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला विचारायचे प्रश्न

१. पदवीच्या प्रमाणपत्रावर नेमकं कोणतं नाव छापून येणार?

२. विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही मान्यताप्राप्त आहेत का? कागद दाखवा.

३. प्रयोगशाळा चालू आहे का? आठवड्याला किती प्रात्यक्षिकं होतात?

४. इंटर्नशिप कुठे होते? ती कॉलेज लावून देतं की आपण शोधायची?

५. गेल्या दोन वर्षांतली मुलं आज कुठे काम करतात? दोघा-तिघांशी बोलता येईल का?

६. वसतिगृह आहे का, त्यात किती जागा?

७. माझ्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती या अभ्यासक्रमाला लागू आहे का?

८. शिकवण्याची भाषा कोणती? पदव्युत्तरला पुस्तकं इंग्रजीतच असतात. मराठी माध्यमातल्या मुलांना पहिले सहा महिने जड जातात. घाबरून सोडू नका, पण तयारी ठेवा.

या प्रश्नांची सरळ उत्तरं जे कॉलेज देतं, तिथे जायला हरकत नाही. जे कॉलेज "आधी फी भरा, मग बघू" म्हणतं, तिथून उठून यावं.

शेवटी पालकांना एक सांगणं. हा विषय मुलीला स्वयंपाक शिकवायचा म्हणून निवडू नका आणि स्वयंपाकाचा विषय म्हणून मुलाला नाकारूही नका. यात रसायनशास्त्र आहे, जिवाणू आहेत, आकडेमोड आहे, कायदा आहे. ज्याला "हे असं का होतं?" असा प्रश्न पडतो, त्याचा हा विषय आहे. आणि असा प्रश्न पडणारी मुलं आपल्या वाड्यांमध्ये पुष्कळ आहेत.

(प्रवेशाच्या तारखा, फी आणि योजनांच्या अटी दरवर्षी बदलतात. अर्ज करण्याआधी संबंधित विद्यापीठाच्या अधिकृत वेबसाइटवर खात्री करून घ्यावी.)